गोदामाचा अलार्म विनाकारण वाजू नये म्हणून

आपण कापसाच्या गोदामात प्रथमच अलार्म बसवीत आहात, तेव्हा सेन्सरची जागा ठरविण्यास पुरेसा वेळ द्यावा, कारण अवेळी वाजणाऱ्या भोंग्याचे मूळ बहुधा तेथेच असते. पीआयआर सेन्सर, म्हणजे हालचाल ओळखणारे उपकरण, समोरच्या उष्णतेतील बदल टिपतो. म्हणून तापलेल्या टिनपत्र्याजवळ, खिडकीतून येणाऱ्या थेट उन्हासमोर किंवा कूलरच्या झोताने ताडपत्री फडफडत असेल अशा ठिकाणी तो लावू नये. त्याच्या पुढच्या पांढऱ्या झाकणावर पाल चढली किंवा कोळ्याने जाळे विणले, तरी भोंगा वाजू शकतो. दर पंधरवड्याला ते झाकण कोरड्या, मऊ फडक्याने पुसावे. गंजीवरून उंदरामागे मांजर धावत असेल, तर दार उघडल्यावरच इशारा देणारा चुंबकी सेन्सर दाराला लावणे मला अधिक भरवशाचे वाटते.

भारनियमनात बॅटरी उतरल्यावरही काही यंत्रे वाजू लागतात, त्यामुळे जुनी बॅटरी वेळीच बदलावी.

भोंगा तीन-चार मिनिटांत आपोआप थांबेल अशी वेळ यंत्रात अवश्य लावून घ्यावी. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंतची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि शेजारी आजारी म्हातारी माणसे व तान्ही बाळे झोपलेली असतात, हे कधीही विसरू नये. गावाबाहेर जाताना किल्ली व बंद करण्याची पद्धत विश्वासू शेजाऱ्याकडे द्यावी आणि आपला मोबाइल क्रमांक पोलीस पाटलांकडेही नोंदवून ठेवावा.

दुसऱ्याचा भोंगा वाजत राहिल्यास त्याची वायर तोडू नये. आधी मालकाला फोन करावा, आणि चोरीची शंका आल्यास एकट्याने आत न शिरता ११२ क्रमांकावर कळवावे.