बी.कॉम.वाल्याला कोच होता येतं का?

प्रश्न : मॅडम, मी कोल्हापूरचा, वय 24. बी.कॉम. झालंय. आठ वर्षं तालमीत होतो, खांदा गेला आणि कुस्ती सुटली. सध्या जिममध्ये ट्रेनर आहे. सीएससीएस ही सर्टिफिकेटची परीक्षा देऊन खेळाडूंचा स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग कोच, म्हणजे त्यांची ताकद आणि शारीरिक तयारी घडवणारा, व्हायचंय. कॉमर्सवाल्याला बसू देतात का? सगळे म्हणतात, आधी फिजिओ कर.

उत्तर : सध्या तरी बसू देतात. परीक्षा अमेरिकेतली एनएससीए ही संघटना घेते. कुठल्याही शाखेची पदवी आणि प्रत्यक्ष हाताने करून शिकलेला सीपीआर-एईडीचा (हृदय बंद पडलं तर छाती दाबणं आणि शॉकचं यंत्र वापरणं) कोर्स लागतो. विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा, काढायला मात्र आत्ताच लाग, त्या खिडकीवर किती चपला झिजतात ते मला विचार.

पेपर दोन. शास्त्राचा 95 प्रश्नांचा, दीड तास. प्रत्यक्ष प्रशिक्षणाचा 125 प्रश्नांचा, अडीच तास. त्यात व्हिडिओ दाखवून चूक ओळखायला लावतात. इथे तुझी तालीमच आडवी येईल. आपली बैठक टाच उचलून मारतात, त्यांच्या स्क्वॉटमध्ये टाच उचलली की चूक. आठ वर्षांची सवय आहे, डोळ्याला आधी ते खटकायला हवं.

जिममधून आलेले बहुतेक शास्त्रात आपटतात. मीही आपटले. बार कसा उचलायचा ते झोपेतही सांगितलं असतं, पण स्नायू आकसताना कॅल्शियम नेमकं काय करतं, तिथे बोंब. दुसऱ्या पेपरात पास झाले होते, म्हणून पुन्हा एकच द्यावा लागला.

पास झाल्यावरची गोष्ट. कबड्डीच्या मुलींचा एक संघ हाती आला. सामन्याला दोन दिवस असताना हौसेनं जड स्क्वॉट घेतले, वर उड्या. सामन्याच्या सकाळी पोरी कठडा धरून जिना उतरत होत्या. आमची रेडर बोनस लाइनला पाय टाकताना कळवळली, तिथेच पकडली गेली. सर्टिफिकेट तेव्हा माझ्या फाइलमध्ये होतं, प्लास्टिकच्या कव्हरात.

फिजिओचं काम वेगळं, ते तुला करायचं नसेल तर त्यात वर्षं घालवू नकोस. वस्तादांना विचारून तालमीतल्या पाच पोरांची वही घाल : वजन किती, सेट किती, झोप किती, पुढचं मैदान कधी. तीन महिन्यांनी ती वही मला पाठव. आणि खांदा आधी दाखवून घे, बार उचलून दाखवायला तो लागणार आहे.