मजुराला पडताळून पाहता येईल असं लिहा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर येणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. रोजगार हमीची मजुरी उशिरा मिळते, या विषयावर तुमची पीएचडी झाली. मार्गदर्शकांनी सुचवलं म्हणून तुम्ही मराठीत लेख लिहिला. एका दैनिकाने तो 'फार जड आहे' म्हणून परत केला. मग तुम्ही तो सोपा करून लिहिलात, तर विभागातले सहकारी म्हणाले, 'यात संशोधन कुठे उरलंय?' आता मध्यम मार्ग कोणता, असं तुम्ही विचारताय.

धोरणविषयक लेखांचं संपादन मी बरीच वर्षं करतोय. माझ्या मते तुमच्याकडे आलेल्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. तुम्ही जोडलेले दोन्ही मसुदे वाचले. पहिल्यात 'प्रतिगमन विश्लेषणातून असे निदर्शनास येते की' होतं, दुसऱ्यात त्याजागी 'सखोल अभ्यासातून दिसून आलं' आलं. शब्द हलके झाले, पण वाचकाच्या हाती दोन्ही वेळा फक्त निष्कर्षच पडला. त्याने तो मान्य करायचा किंवा सोडून द्यायचा, तिसरं काही करायला वावच नाही. लेख जड वाटतो तो यामुळे. वाचकाला हिशेब द्या. त्याला तो स्वतः मांडून बघता आला पाहिजे, आणि पटला नाही तर तुमच्याशी वाद घालता आला पाहिजे. तसं झालं की लेख सोपाही होतो आणि संशोधनही शाबूत राहतं.

तुमच्याच विषयावर करून दाखवतो.

२००५च्या रोजगार हमी कायद्यानुसार मस्टर, म्हणजे कामावरच्या हजेरीची नोंद, बंद झाल्यापासून १५ दिवसांत मजुरी मिळायला हवी होती. नाही मिळाली, तर सोळाव्या दिवसापासून थकलेल्या रकमेवर रोज ०.०५ टक्के भरपाई. तुमच्या लेखात हे एका वाक्यात उरकलंय. ०.०५ टक्के म्हटल्यावर कोणाच्या डोळ्यापुढे काही येत नाही. आता असं बघा. २०२४-२५मध्ये महाराष्ट्रात या योजनेची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. एका बाईने सहा दिवस काम केलं, तिचे झाले १,७८२ रुपये. त्याचे ०.०५ टक्के म्हणजे दिवसाला ८९ पैसे. मुदत उलटून महिना गेला, तरी तिची भरपाई होते जेमतेम २७ रुपये. त्या महिन्यात दुकानात किराण्याची उधारी चढते, गावातल्या सावकाराकडून हजार रुपये उचलले तर त्याचं व्याज वेगळं. हा परिच्छेद वाचणारा माणूस पुढचा प्रश्न आपणहून विचारतो: बरं, हे २७ रुपये तरी तिला मिळतात का? तुमच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण नेमकं यावरच आहे. तिथपर्यंत वाचकाला ओढून न्यावं लागलं नाही, तो स्वतःच आला.

भरपाई का मिळत नाही, हे समजावताना मजुरीचा प्रवास टप्प्याटप्प्याने दाखवा. मस्टर बंद होतं, कामाचं मोजमाप होतं, पंचायत समितीत नोंदी चढतात, मग पैसे पाठवायचा आदेश निघतो, ज्याला सगळे एफटीओ म्हणतात. हा झाला गावाकडचा टप्पा. तिथून पुढे केंद्राकडून पैसे सुटून खात्यात जमा होणं, हा दुसरा. राजेंद्रन नारायणन, सकीना धोराजीवाला आणि राजेश गोलानी यांनी २०१६-१७ सालातले १० राज्यांमधले ९० लाखांहून अधिक व्यवहार तपासले, तेव्हा वेळेत झालेली देणी फक्त २१ टक्के निघाली. पण त्या अभ्यासाचा खरा घाव दुसऱ्या ठिकाणी होता. सरकार उशिराचे दिवस मोजायचं ते पहिला टप्पा संपेपर्यंतच. आदेश निघाल्यावर दिल्लीकडून पैसे यायला जेवढे दिवस लागले, ते हिशेबात धरलेच जात नव्हते. साहजिकच त्यांची भरपाईही नाही. ही गोष्ट कुणालाही एका दमात सांगता येते. तशी ती सांगितली गेली, वर्तमानपत्रांत आली, स्वराज अभियान या संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे गेली आणि मे २०१८च्या निकालात केंद्राला आपली जबाबदारी झटकता येणार नाही असं न्यायालयाने स्पष्ट केलं. ९० लाख व्यवहारांचं विश्लेषण करायला संगणक लागला, पण 'कुठले दिवस मोजलेच नाहीत' हे समजायला लागला नाही. तुमच्या प्रबंधातही असा एक सांधा असणार. तो शोधा आणि लेख त्याच्यावरच उभा करा. बाकीची चार प्रकरणं बाजूला राहिली तरी चालेल, त्यांचे वेगळे लेख होतील.

आता एककाबद्दल. तुमचे सगळे तक्ते जिल्ह्याच्या सरासरीचे आहेत. जिल्ह्याची सरासरी कुणी पाहिलेली नसते, स्वतःचं मस्टर मात्र पाहिलेलं असतं. राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावी डिसेंबर १९९४मध्ये मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली. तिथे कामांचे कागद लोकांसमोर मोठ्याने वाचून दाखवले गेले: कुठलं काम, किती पैसे, कोणाच्या नावावर किती दिवस. लोक उठून सांगायला लागले की हे काम झालंच नाही, या माणसाने हजेरी लावलीच नाही. त्यातल्या अनेकांना वाचता येत नव्हतं. पण तपशील त्यांच्या गावाचा, त्यांच्या ओळखीच्या नावांचा होता, त्यामुळे तपासणारे तेच झाले. माहिती अधिकाराच्या लढ्याला तिथून बळ मिळालं. धोरणावरचं संशोधन लोकांपर्यंत नेण्याची याहून चांगली पद्धत माझ्या पाहण्यात नाही. म्हणून म्हणतो, लेखात एक गाव, एक आठवडा, एक मस्टर घ्या (नावं बदलून, हे सांगायला नकोच) आणि त्याचा पूर्ण प्रवास तारखांसकट लिहा. जिल्ह्याची सरासरी त्यानंतर एका वाक्यात.

आपल्याकडे याची परंपरा नाही असं समजू नका. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधून वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली देशातल्या दारिद्र्याचं मोजमाप मांडलं. माणसाला रोज २,२५० उष्मांक मिळतील एवढं अन्न आणि बाकीच्या अगदी मूलभूत गरजा भागवायच्या, तर १९६०-६१च्या भावाने खेड्यात दरमहा माणशी १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये लागतात, हा त्यांचा पाया होता. तेवढाही खर्च न करू शकणारे खेड्यांत सुमारे ४० टक्के निघाले. त्या काळी घर चालवणाऱ्या कुठल्याही बाईला १५ रुपयांत महिना निघतो का, हे स्वतः ताडून पाहता आलं असतं. पुढे अभय बंग यांनी शेतमजुराच्या किमान मजुरीमागचं सरकारी गणित तपासलं, त्यातल्या चुका उघड केल्या, आणि ४ रुपये रोज धरलेली मजुरी सरकारला १२ रुपये करावी लागली. या दोन्ही ठिकाणी हिशेब भाकरीपासून सुरू होतो आणि मंत्रालयापर्यंत जातो.

आकड्यांच्या बाबतीत दोन ठिकाणी मराठी लेख हमखास घसरतात, ती सांभाळा.

पहिलं म्हणजे टक्के आणि टक्केबिंदू. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीचं उदाहरण घेतो, कारण ती पाहणीच लोकांसमोर होते. स्वयंसेवक घरी येतो, मुलापुढे एक कागद धरतो. त्यावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल कुठे अडलं ते दारात उभ्या आईलाही दिसतं. दुसरीचा मजकूर वाचू शकणारी पाचवीतली मुलं ग्रामीण भारतात २०२२ साली ४२.८ टक्के होती, २०२४ साली ४८.८ टक्के. ही वाढ ६ टक्केबिंदूंची. 'सहा टक्क्यांनी वाढ' लिहिलंत तर चूक, कारण ४२.८च्या तुलनेत ती १४ टक्के होते. एखादा प्रचारक १४ उचलेल, दुसरा ६, आणि दोघेही तुमच्या लेखाचा हवाला देतील. त्यापेक्षा सरळ लिहा: 'शंभर मुलांमागे आधी ४३ वाचत होती, आता ४९ वाचतात.' टक्केबिंदू हा शब्दही लागत नाही.

दुसरं म्हणजे सरासरी. समजा पाच बायकांपैकी चौघींना २० दिवसांत मजुरी मिळाली आणि एकीला १२० दिवसांनी. सरासरी येते ४० दिवस. पण ४० दिवस थांबली अशी त्यांच्यात एकही नाही. तुमच्या विषयात असे टोकाचे उशीर भरपूर असणार, म्हणून 'निम्म्या मजुरांना इतक्या दिवसांच्या आत पैसे मिळाले, दहांतल्या एकाला मात्र इतक्याहून जास्त दिवस लागले' असं लिहा.

सहकाऱ्यांच्या आक्षेपात तथ्य आहे ते एका जागी. तुमच्या दुसऱ्या मसुद्यात वाक्य आहे, 'मजुरीच्या विलंबामुळे स्थलांतर वाढले.' प्रबंधात तुम्ही इतकं ठाम म्हटलेलं नाही. तिथे तुम्ही नोंदवलंय की उशीर जास्त असलेल्या गावांत स्थलांतरही जास्त होतं, आणि त्यातल्या बऱ्याच गावांत त्या वर्षी पाऊसही कमी झाला होता. सोपं करताना पाऊस गळाला. ही काटछाट मला मान्य नाही. वाचकाला शंका झेपत नाही, हा आपला गैरसमज आहे. शेतकऱ्याला एका पिकाच्या नुकसानीची चार कारणं सांगता येतात. दोन कारणं वेगळी कशी काढायची, हेही साध्या भाषेत सांगता येतं. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत केला आणि त्याच काळात जिथे प्रयोग नव्हता अशा ४७ गावांतल्याही बाळांच्या नोंदी ठेवल्या. १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांप्रमाणे नवजात मृत्यूदर त्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटला. दुसऱ्या ४७ गावांचा उल्लेख गाळून '६२ टक्के घट' एवढंच लिहिलं, तर 'एरवीही मृत्यू घटले असते' या शंकेला उत्तर उरत नाही. नियंत्रण गट हा शब्द न वापरता ती दुसरी गावं लेखात ठेवा. तुमच्याकडे कमी उशीर झालेली, पण पाऊस तितकाच कमी पडलेली गावं असतील तर ती तुलना द्या. नसतील तर 'यातलं किती उशिरामुळे आणि किती दुष्काळामुळे, हे या अभ्यासातून वेगळं करता येत नाही' असं छापा. लेख त्याने कमकुवत होत नाही. उद्या एखादा अधिकारी खोडून काढायला बसला, तर त्याला तिथे पकडायला जागा मिळत नाही.

शब्दांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गावात जे म्हणतात ते लिहा: मस्टर, जॉबकार्ड, रोहयो, रोजगार सेवक. 'हजेरीपट' लिहून मराठीपण वाढत नाही.

छापायला पाठवण्याआधी एक काम मात्र कराच. ज्या गावांत तुम्ही क्षेत्रकार्य केलंत, तिथल्या एखाद्या ग्रामरोजगार सेवकाला आणि योजनेवर काम केलेल्या दोन-चार बायकांना लेख वाचून दाखवा. मध्ये थांबून समजावू नका, नुसता वाचा. त्या कुठे 'नाही, आमच्याकडे असं होत नाही' म्हणतात ते टिपून घ्या. मला हे विद्यापीठातल्या समीक्षकांच्या अभिप्रायाइतकंच मोलाचं वाटतं, कारण योजना कागदावर कशी चालते आणि गावात कशी चालते यातला फरक तिथेच कळतो. शिवाय ज्यांनी तुम्हाला मुलाखती दिल्या, त्यांना त्यातून काय निघालं हे कळण्याचा हक्क आहेच.

कुठे पाठवायचं? दैनिकाच्या संपादकीय पानाला हजार शब्दांच्या आतला, एकाच सांध्यावरचा लेख. 'साधना'सारख्या साप्ताहिकाला याहून लांब, गावाच्या मस्टरचा प्रवास असलेला. वेळही बघा. उन्हाळ्यात शेतीची कामं संपून रोहयोच्या कामांची मागणी वाढते आणि मार्चच्या सुमारास विधिमंडळाचं अर्थसंकल्पीय अधिवेशन असतं, तेव्हा फेब्रुवारीत लेख संपादकाच्या हातात असेल तर तो विषय त्यांना आपोआपच ताजा वाटेल. शेवटी दोन ओळींत मजुरांसाठी एवढं द्या: आपल्या मस्टरची बंद झालेली तारीख कुठे पाहायची, तिथून १५ दिवस कसे मोजायचे, आणि उशीर झाला तर अर्ज कोणाकडे करायचा.

नवा मसुदा झाला की इथेच टाका. तिसऱ्या प्रकरणातला भरपाईचा तक्ताही जोडा, त्यातली कुठली ओळ लेखाच्या सुरुवातीला येऊ शकते ते आकडे बघूनच सांगता येईल.