बडोद्यात ट्रस्टचं जुनं रुग्णालय पाडून नवं बांधायचंय, काय सांभाळावं?

दांडिया बाजारातलं तुमचं 50 खाटांचं रुग्णालय गळतंय, ट्रस्टकडे दुसरी जागाही आहे, तर आधी पाडावं की आधी बांधावं, असं विचारलंत. दुसरी जागा असताना जुन्याला हात लावू नका. नव्या ओटीचं (शस्त्रक्रिया कक्षाचं) काम महिनाभर सुरळीत चाललं की मग पाडायचं बघा.

आर्किटेक्टला पहिला प्रश्न पुराचा विचारा. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी 25 फूट. ऑगस्ट 2024 मध्ये पाणी 35 फुटांच्या वर गेलं होतं. म्हणून जनरेटर, विजेचं मुख्य पॅनल, ऑक्सिजनचा मॅनिफोल्ड (सिलिंडर एकत्र जोडून पाइपलाइनला गॅस देणारी जोडणी) आणि औषधांचा साठा तळघरात नको म्हणजे नकोच. पॅनल बुडालं की लिफ्ट बंद, पंप बंद, आणि व्हेंटिलेटरवरचा रुग्ण वर अडकतो. रॅम्प 1:12 उताराचा आणि कॉरिडॉर 2.4 मीटर रुंद असेल तर निदान खाट ढकलत बाहेर काढता येते.

रुग्णांच्या खाटांपर्यंत ऑक्सिजन वगैरे नेणाऱ्या गॅस पाइपलाइनचं काम चालू असताना मात्र कुणीतरी जबाबदार माणूस तिथे उभा हवाच. तांब्याच्या नळ्यांचं ब्रेझिंग (धातू वितळवून सांधे जोडणं) करताना आतून नायट्रोजन सोडला नाही, तर सांध्याच्या आत काळी पापडी धरते. पुढे ती सुटते आणि व्हेंटिलेटरच्या फिल्टरमध्ये जाऊन बसते. नायट्रोजन वाचवायचा मोह ठेकेदाराला होतोच, म्हणून अधूनमधून एखादा सांधा करवतीने उभा कापायला लावा. आत तांबं स्वच्छ दिसलं पाहिजे. मग 24 तासांची दाबचाचणी. शेवटी एका वेळी एकच गॅस सोडून प्रत्येक खाटेवरचं प्रत्येक आउटलेट ऑक्सिजन अ‍ॅनालायझरने तपासा. नळ्यांची अदलाबदल झाली असेल तर ती इथेच सापडते. इथे निसटली तर थेट रुग्णाच्या जिवावर बेतते.

ओटीचे हेपा फिल्टर (हवेतले अतिसूक्ष्म कण अडवणारे) सगळी धूळ संपल्यावर, अगदी शेवटी बसवा.

परवाने जुन्या पत्त्यावरचे असतात हे बरेच ट्रस्ट विसरतात. सोनोग्राफी मशीन हलवायचं तर पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याच्या) कार्यालयाला 30 दिवस आधी कळवावं लागतं. परस्पर हलवलं तर सील होतं. एक्स-रेला नव्या खोलीचा एईआरबीचा (अणुऊर्जा नियामक मंडळाचा) परवाना लागतो. औषध दुकान, जैववैद्यकीय कचरा आणि फायर एनओसीचे अर्जही आधीच टाका.

हलवाहलवीच्या आठवड्यात ठरलेल्या शस्त्रक्रिया घेऊ नका. आयसीयूतले रुग्ण एकेक करून न्या. सोबत डॉक्टर आणि भरलेला सिलिंडर हवा, आणि तिकडचं व्हेंटिलेटर आधीच तपासून लावलेलं हवं. जुन्या दारात निदान महिनाभर रात्रंदिवस एक रुग्णवाहिका आणि नर्स ठेवा, कारण छातीत दुखायला लागलं की माणसं सवयीने तिथेच येणार.