वाचकांचे प्रश्न : सोन्याच्या पत्र्यांना ताम्रपटाची कसोटी

प्रश्न : बंगळूरुला शिकणाऱ्या भाच्याने मॉर्मन चर्चचा धर्मग्रंथ, ‘मॉर्मनचं पुस्तक’, घरी आणला आहे. इ.स.पू. ६०० च्या सुमारास जेरुसलेमहून निघालेलं एक कुटुंब अमेरिकेत पोचलं, त्यांच्या वंशजांचा इतिहास सोन्याच्या पत्र्यांवर कोरला गेला आणि न्यूयॉर्क राज्यातल्या जोसेफ स्मिथने तो इंग्रजीत आणला, असं ते सांगतं. इतिहास म्हणून हे तपासायचं कसं? — एक वाचक, फोंडा

उत्तर : गोवा कदंबांचा ताम्रपट हाती आला की अभ्यासक लिपीचा काळ ठरवतात, तिथी आणि वार जुळतात का ते गणित करून पाहतात, कडीवरची सिंहमुद्रा तपासतात. बनावट दानपत्रं आपल्याकडे काही कमी नाहीत. तीही अशीच पकडली गेली. इथे ती सोयच नाही, कारण पत्रे देवदूताने परत नेले असं सांगितलं जातं. उरतो १८३० साली पाल्मायरा गावात छापलेला इंग्रजी मजकूर. त्यामुळे मजकुरातल्या वस्तू तपासाव्या लागतात.

घोड्यापासून सुरुवात करा. १ नेफी १८:२५ मध्ये (नेफी हा या पुस्तकाचाच एक भाग) या मंडळींना नव्या भूमीत घोडे आढळतात. अमेरिकेतले घोडे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच नामशेष झाले होते. ते परत आले कोलंबसच्या १४९३ च्या दुसऱ्या सफरीपासून, स्पॅनिश जहाजांतून. पुस्तकात रथही आहेत. पण कोलंबसपूर्व अमेरिकेत चाकं सापडली ती मेक्सिकोतल्या मातीच्या खेळण्यांना, गाड्यांना नाहीत. पुस्तकात पोलादही आहे, पण पोलादाचं तर एकट्याने येणंच शक्य नाही. खनिज वितळवलं की भट्टी आणि धातुमळ मागे राहतो, आणि तो हजारो वर्षं टिकतो. शेवटच्या लढाईत एका बाजूचे दोन लाख तीस हजार पडले असं पुस्तक म्हणतं. एवढ्या सैन्याच्या शस्त्रांचा मागमूस नाही, हे पटवून देणं अवघड आहे. विजयनगरला जाणारे अरबी घोडे गोव्याच्या बंदरात उतरत, तर त्यांच्या जकातीची नोंद पोर्तुगीज कागदांत राहिली.

घरबसल्या करता येईल अशी तपासणी हवी असेल तर १ नेफी २० आणि बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथाचा ४८ वा अध्याय शेजारी ठेवून ओळीने वाचा. मात्र बायबल १६११ चं इंग्रजी किंग जेम्स घ्या. मराठी भाषांतर घेतलंत तर शब्दरचनेतलं साम्य दिसणारच नाही. मोठी अडचण काळाची आहे. बहुसंख्य अभ्यासक यशयाचे ४० ते ५५ हे अध्याय ज्यूंच्या बाबिलोनमधल्या बंदिवासातले, म्हणजे इ.स.पू. सहाव्या शतकाच्या मध्यावरचे मानतात. जेरुसलेम त्याआधीच सोडलेल्या माणसांकडे ते कुठून आले?

प्रश्न : पत्र्यांचं एवढं सोनं उचलून माणूस पळेल कसा? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : हिशेब करूया. स्मिथने १८४२ च्या पत्रात दिलेलं माप आहे रुंदी सहा इंच, लांबी आठ इंच, जाडी जवळजवळ सहा इंच. म्हणजे २८८ घन इंच, सुमारे ४,७२० घन सेंटिमीटर. भरीव शुद्ध सोन्याचं वजन साधारण ९१ किलो होईल. पत्रे उचलल्याचं सांगणारे साक्षीदार म्हणतात चाळीस ते साठ पौंड, म्हणजे १८ ते २७ किलो. पण पत्रे ठोकलेले होते, मध्ये फटी असणारच. निम्मी जागा हवेची धरून २५ किलो वजन जमवायचं तर तांबं-सोन्याच्या मिश्रणात सोनं वजनाने जेमतेम तीस टक्के, सुमारे सात कॅरेट. सोनार हसेल, पण अशक्य नाही. म्हणून वजनाचा आक्षेप आम्ही जोरात मांडत नाही.

प्रश्न : पुस्तकाच्या बाजूने काहीच नाही का? डीएनएने तर निकाल लावला म्हणतात. — एक वाचक, मडगाव

उत्तर : बाजूचे मुद्दे आहेत. पुस्तकात येणारं जव अमेरिकेत नव्हतं, हा जुना आक्षेप सोडून द्यावा. लागवड केलेलं छोटं जव अॅरिझोनातल्या उत्खननात मिळालं आहे. येमेनच्या मारिबमधल्या वेदींवर ‘न-ह-म’ जमातीचं नाव आहे आणि पुस्तकातलं ‘नाहोम’ हे ठिकाण त्याच्याशी जुळतं. पण ते नाव अठराव्या शतकातल्या युरोपीय नकाशांवरही होतं. डीएनए अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचे पूर्वज आशियातले दाखवतो, तरी छोट्या गटाचा अंश पुढे पुसला जाऊ शकतो. त्यामुळे एकट्या डीएनएवर निकाल देणं घाईचं. हो, पुस्तकाच्या प्रस्तावनेत आधी पुस्तकातले हे लोक मूळ रहिवाशांचे ‘प्रमुख पूर्वज’ होते, ते आता ‘पूर्वजांपैकी’ झाले आहेत.

सर्वांत ठोस पुरावा मात्र स्मिथच्या दुसऱ्या ग्रंथाबाबत आहे. १८३५ मध्ये विकत घेतलेल्या इजिप्शियन पपायरसवरून त्याने ‘अब्राहामचं पुस्तक’ दिलं. त्यातले तुकडे १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सापडले आणि पुढल्या वर्षी मॉर्मन चर्चला मिळाले. इथे मूळ हाती आहे. ते होर नावाच्या इजिप्तमधल्या थीब्जच्या पुजाऱ्यासाठी केलेलं अंत्यविधीचं लेखन निघालं. अब्राहामाचं त्यात नावही नाही. तुकड्यांवरची अक्षरं अनुवादाशी जुळत नाहीत हे चर्चनेच आपल्या निबंधात मान्य केलं आहे. समर्थक म्हणतात, गुंडाळीचा बराच भाग हरवला. तो सापडला तर तपासता येईल.