पऱ्हाटीचा कोळसा करायला घेतेस, तर...

अगं, धुरातला कार्बन डायऑक्साइड धरून ठेवणारा सच्छिद्र कोळसा करायचाय ना, मग पहिल्याच आठवड्यात भट्टी लावायची घाई करू नकोस. नागपुरात कच्च्या मालाला तोटा नाही, पण सुरुवात पऱ्हाटीपासून, म्हणजे कापसाच्या काड्यांपासून कर. संत्र्याच्या सालीत पाणी फार, वाळेपर्यंत बुरशी धरते. भंडाऱ्याकडचं धानाचं तूस सध्या नकोच. त्यातली सिलिका काढता काढता जीव जातो.

आधी नायट्रोजनमध्ये ५०० अंशांच्या आसपास कोळसा करून घे. मग पोटॅशियम हायड्रॉक्साइड ही अल्कली मिसळून ६०० ते ७०० अंशांवर तापव, त्याने कोळशात बारीक छिद्रं पडतात. खरी कसोटी इथे आहे. कार्बन डायऑक्साइडचा रेणू जेमतेम ०.३३ नॅनोमीटरचा, त्याला धरून ठेवायला १ नॅनोमीटरपेक्षा अरुंद छिद्रं लागतात. तापमान किंवा अल्कली वाढवलीस की पृष्ठफळाचा आकडा फुगतो, आपण खूश होतो, पण छिद्रं रुंदावलेली असतात. माझं अख्खं वर्ष त्या आकड्यामागे गेलं, म्हणून कळकळीने सांगते. कोराडीसारख्या कोळशावरच्या वीजकेंद्राच्या धुरात हा वायू साधारण १२ ते १५ टक्केच असतो. म्हणजे धुरात त्याचा स्वतःचा दाब ०.१५ बारच्या आसपासच. तेव्हा १ बार दाबाबरोबर (साधारण हवेच्या दाबाइतका) ०.१५ बारला किती धरला जातो, तेही मोज.

भट्टीत नमुना ठेवायची होडीसारखी भांडी असतात, त्यांना बोट म्हणतात. अल्युमिनाच्या बोटीला अल्कली खाऊन टाकते, निकेलची घे.

आणि भट्टी पूर्ण थंड झाल्याशिवाय नायट्रोजन बंद करायचा नाही. आत धातुरूप पोटॅशियम उरलेलं असू शकतं, पाणी लागताच पेटतं. चष्मा लाव, थेंबाथेंबाने भिजव. नंतर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, मग गरम पाणी, धुवण उदासीन होईपर्यंत. पहिल्या धुण्याला मला हाक मार, मी शेजारी उभी राहीन.