रोपविक्रीची तारीख आणि उलटी मोजणी

बागमंडळांकडून आलेले या वेळचे बहुतेक प्रश्न निधीचे आहेत, पण त्यांची उत्तरं गल्ल्याजवळ सापडत नाहीत. ती रोपांच्या वाफ्यात, चार महिने आधी असतात. म्हणून पहिल्या प्रश्नावर जरा जास्त जागा खर्च केली आहे.

प्रश्न : आमच्या छोट्या गावातल्या मंडळात चौदा सभासद आहेत. निधीसाठी दोनशे रोपं विकायची आहेत. मागच्या वेळी ऐन दिवशी निम्मी रोपं काडीसारखी होती, तर काहींचं फूल येऊन गेलं होतं. सुरुवात नेमकी कधी करायची?

आधी विक्रीची तारीख पक्की करा आणि तिथून मागे मोजत या. सगळी रोपं एकाच रविवारी लावण्याचा उत्साह हेच तुमच्या काड्यांचं आणि सुकलेल्या फुलांचं कारण आहे.

बुटक्या जातीचा झेंडू बी टाकल्यापासून साधारण 50 दिवसांत फुलतो, म्हणून तो सात-आठ आठवडे आधी पेरा. गिऱ्हाईक कळी आणि एखादं उमललेलं फूल बघून हात पुढे करतं, पूर्ण फुललेलं झाड बघून नव्हे. पिटुनियाला दहा-बारा आठवडे धरा. त्याचं बी इतकं बारीक असतं की एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या घरात दाणे भरतात. त्यावर माती टाकायची नाही, नुसतं दाबायचं, कारण त्याला उगवायला उजेड लागतो. कोलियस या रंगीत पानांच्या झाडाच्या फाट्याला, म्हणजे लावण्यासाठी कापलेल्या फांदीच्या तुकड्याला, दोन आठवड्यांत मुळ्या फुटतात. एकदा शेंडा खुडून रोप भरगच्च करायचं म्हटलं तरी सहा-सात आठवडे पुरतात. जास्वंद आणि मोगरा मात्र चार महिने घेतात. मुळ्या फुटायला चार ते सहा आठवडे लागतात आणि उरलेला वेळ कुंडीत अंग धरायला. गुलाबाच्या फाट्यांचा भरवसा जातीगणिक बदलतो, त्यामुळे निधीचा भार त्यांच्यावर टाकू नका.

दोनशे विकायची असतील तर 265 लावा. चौथा हिस्सा मरतो, वाकडा वाढतो किंवा देण्याजोगा राहत नाही. जास्वंदीचे फाटे नवख्या हातांनी लावले जाणार असतील तर हव्या असलेल्या रोपांच्या दुप्पट लावा.

फाटा पेन्सिलीइतका जाड, 12 ते 15 सेंटिमीटर लांब आणि तीन-चार पेरांचा घ्या. खालचा काप पेराच्या लगेच खाली सरळ द्या आणि वरचा डोळ्याच्या थोडा वर तिरपा. हा तिरपा-सरळ प्रकार दिसण्यासाठी नाही. चौदा जण बसून अडीचशे फाटे लावतात तेव्हा दहा-वीस नक्की उलटे रोवले जातात, आणि उलटा फाटा सहसा धरत नाही. तिरपं टोक वर, एवढं एकच वाक्य सगळ्यांना सांगून ठेवा. वरची दोन पानं ठेवा, मोठी असली तर अर्धी कापा. मुळ्या फुटण्याची पावडर अर्धवट जून फाट्यांसाठी 0.3 टक्के आयबीएची (मुळ्या फुटवणाऱ्या संप्रेरकाची) घ्या. ती झाकणात काढून वापरा, ओला फाटा थेट डबीत बुडवलात तर उरलेली पावडर वाया जाते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि जाड वाळू निम्मी-निम्मी घेऊन भरा, आधी काडीने भोक पाडा, मग फाटा ठेवा. थेट खुपसला तर पावडर वरच पुसली जाते.

सर्वांत जास्त रोपं यापुढच्या टप्प्यात मरतात. दहा-बारा दिवसांत फाट्याला हिरवी पालवी येते आणि सगळे खूश होतात. ती पालवी काडीत साठलेल्या अन्नावर आलेली असते. खाली मुळीचा पत्ता नसतो. त्याच आठवड्यात कुंड्या बदलल्या की सगळं मान टाकतं. दोन बोटांनी फाटा अगदी हलकेच वर ओढून पाहा. अडल्यासारखा लागला तर मुळी आहे, सरसर वर आला तर परत दाबून ठेवा आणि पंधरा दिवस हात लावू नका.

शेवटचे दहा-बारा दिवस रोपांना उन्हाची सवय लावायला राखून ठेवा. पहिले तीन दिवस फक्त सकाळचं ऊन, मग हळूहळू वाढवत न्या. शेडनेटखालून काढून थेट विक्रीच्या टेबलावर मांडलेलं रोप दुपारपर्यंत पानं करपवून घेतं, आणि ते ज्याने घेतलं तो पुढच्या वर्षी येत नाही.

प्रश्न : एवढ्या कुंड्यांना मिश्रण किती लागेल? दर वेळी एकतर कमी पडतं नाहीतर ढीग उरतो.

कुंड्या मोजा, पोती नको. 6 इंची कुंडीत साधारण 2 लिटर मावतं, 4 इंचीत अर्धा लिटर. समजा 100 मोठ्या आणि 165 लहान कुंड्या आहेत, तर 200 अधिक 83 म्हणजे 283 लिटर झाले. त्यावर 15 टक्के वाढवा. बारीक गांडूळखत कोकोपीटच्या पोकळीत जाऊन बसतं, त्यामुळे तीन बादल्या एकत्र केल्या की तीन बादल्या भरत नाहीत. एकूण 325 लिटर धरा. पोयट्याची माती, कोकोपीट आणि गांडूळखत समान घेतलं तर प्रत्येकी 108 लिटर लागेल. कोकोपीटची 5 किलोची वीट फुगून 60 ते 70 लिटर होते, म्हणजे दोन विटा पुरून उरतात.

कोकोपीट भिजवलं की पाणी ओतून टाका, परत भिजवा, असं निदान तीनदा करा. त्यात क्षार असतात. कोवळ्या रोपांच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन वाळायला लागल्या की लोक पाणी कमी पडलं म्हणतात, पण बऱ्याचदा कोकोपीट धुतलेलं नसतं.

प्रश्न : झेंडूची रोपं छान उगवली आणि दोन दिवसांत जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडली. बी खराब होतं का?

बी उत्तम होतं, म्हणून तर उगवलं. ही रोपं कोलमडली ती मातीतल्या पिथियम किंवा रायझोक्टोनियासारख्या बुरशीमुळे. पडलेलं एक रोप उचलून पाहा. मातीच्या रेषेशी देठ पाणी सुटल्यासारखा, दोऱ्याएवढा झालेला दिसेल आणि वरची पानं अजून हिरवी असतील. किडीने खाल्लं असतं तर तिथे कुरतडल्याची खूण दिसली असती.

दाट पेरणी, संध्याकाळचं पाणी आणि न धुतलेले जुने ट्रे या तिघांच्या संगतीत हा रोग वाढतो. पडलेली रोपं सभोवतालच्या मातीसकट काढून फेका, कंपोस्टमध्ये टाकू नका. उरलेल्यांची विरळणी करा, पाणी सकाळीच द्या आणि वरचा थर सुकल्याशिवाय पुन्हा देऊ नका. कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला 3 ग्रॅम या प्रमाणात मुळाशी ओतता येतं. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) हे आधी मातीत मिसळायचं काम आहे, रोपं पडू लागल्यावर त्याचा उपयोग नाही. आणि तांब्याचं औषध दिल्यावर लगेच ट्रायकोडर्मा दिलं तर तेच मरतं, कारण तीही बुरशीच आहे.

पुढच्या खेपेसाठी कडक उन्हाच्या दिवसांत माती ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली चार ते सहा आठवडे तापवा. कडा मातीत गाडा. काळं प्लॅस्टिक नको, ते स्वतः तापतं आणि खालची माती त्या मानाने थंड राहते.

प्रश्न : पिवळ्या काठाच्या स्नेक प्लांटच्या पानांचे तुकडे लावले. चाळीस रोपं झाली, पण सगळी साधी हिरवी. आपली फसवणूक झाली का?

नाही. पिवळा काठ हा पानाच्या एका वेगळ्या पेशीथरात असतो. पानाच्या तुकड्यातून नवं रोप फुटतं ते आतल्या हिरव्या पेशींतून. काठ हवा असेल तर गड्डा विभागूनच रोपं करावी लागतात. ही चाळीस रोपं साधी म्हणूनच विका, आणि पाटीवर तसं लिहा.

प्रश्न : किंमत कशी ठरवावी? सभासद म्हणतात स्वस्त ठेवा, खजिनदार म्हणतात काहीच उरत नाही.

खजिनदारांचं ऐका. चूक बहुधा भागाकारात आहे. एकंदर खर्चाला लावलेल्या रोपांनी भागलं की आकडा छान लहान येतो, पण भागायचं असतं विकल्या जाणाऱ्या रोपांनी. 265 लावून 200 विकली तर प्रत्येक विकलेल्या रोपावर खर्च 1.33 पट पडतो. कुंडी, मिश्रण, बी, औषध, पाटी, मांडव, वाहतूक असं सगळं त्या खर्चात घ्या. भाव त्याच्या दुप्पट ठेवलात तर निधी उरेल. दुपटीखाली गेलात की शेवटच्या तासातली सूट थेट खर्चातून जाते.

रोपांचे तीनच भाव ठेवा आणि कुंडीत त्या-त्या रंगाची काडी खोचा. प्रत्येक कुंडीवर आकडा लिहीत बसलात तर एक दिवस त्यातच जाईल. नावाच्या पट्टीवर मात्र पेन्सिलीने लिहा. खरखरीत प्लॅस्टिकवर पेन्सिल टिकते आणि ‘पक्का’ मार्कर उन्हात महिन्या-दोन महिन्यांत उडतो.

सभासदांनी आदल्या संध्याकाळी चांगली रोपं बाजूला काढून ठेवणं बंद करा. सभासदांची खरेदी विक्रीच्या शेवटच्या तासात, हा नियम बैठकीच्या इतिवृत्तात घालून टाका. याने मनं दुखावतील, पण सकाळी मांडलेलं टेबल उजाड दिसत नाही.

प्रश्न : आमच्या शेवंती प्रदर्शनात दोन सभासदांच्या कुंड्यांना कळ्याच नव्हत्या, बाकीच्यांच्या भरलेल्या. सगळ्यांनी रोपं एकाच नर्सरीतून घेतली होती.

त्या दोघांच्या कुंड्या रात्री कुठे असतात ते विचारा. रस्त्याचा दिवा, व्हरांड्यातला बल्ब किंवा शेजाऱ्यांची फाटकावरची लाइट यातलं काहीतरी निघेल. रात्र लांबली की शेवंती कळी धरते. मध्यरात्री थोडा वेळ पडलेला उजेडही तिची लांब रात्र मोडतो आणि ती पानंच काढत राहते. एकाच झाडाची अंधाराकडची बाजू कळ्यांवर आणि दिव्याकडची नुसती हिरवी, असंही दिसतं.

कुंडी हलवता येत असेल तर हलवा, तेवढं पुरतं. नसेल तर प्रदर्शनाच्या साधारण नऊ-दहा आठवडे आधीपासून काळ्या कापडाने झाकायला सुरुवात करा, संध्याकाळी पाचला झाकून सकाळी सातला उघडायचं. कळीला रंग दिसेपर्यंत रोज, खाडा न करता. प्लॅस्टिक वापरू नका. आत हवा तापली की उष्णतेनेही कळी उशिरा येते आणि झाकण्याचे कष्ट फुकट जातात.

शेंडा खुडणं प्रदर्शनाच्या शंभर-एक दिवस आधी थांबवा. एका देठावर एकच मोठं फूल हवं असेल तर बाजूच्या कळ्या वाटाण्यापेक्षा लहान असतानाच नखाने बाजूला मोडून काढा. उशीर झाला की देठावर जखमेची खूण राहते आणि परीक्षकांचं लक्ष नेमकं तिथेच जातं. मधली कळी कशी आहे हे बघून मगच बाजूच्या तोडा. कीड नेमकी मधलीला लागलेली असते आणि ते शेवटची बाजूची कळी तोडल्यावर लक्षात येतं.

प्रश्न : मंडळाच्या कंपोस्टच्या पिशव्या विकल्या. आठवड्याने लोक परत घेऊन आले, म्हणाले वास येतो.

खत कच्चं होतं किंवा पिशवी हवाबंद होती, बहुतेक दोन्ही. भरण्याआधी मूठभर खत ओलं करून काचेच्या बरणीत झाकण लावून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर पावसाच्या मातीचा वास आला तर भरा, आंबट किंवा अमोनियाचा आला तर ढीग परत उलथा. खतात मोहरी पेरून पाहणंही सोपं आहे. साध्या मातीत जितकी उगवते त्याच्या आसपास इथे उगवली पाहिजे. विणलेल्या पोत्यात भरा किंवा प्लॅस्टिकला सुईने भोकं पाडा. विकताना किलोवर नको, लिटरवर विका. ओल्या खताच्या वजनात चांगला निम्मा वाटा पाण्याचा असू शकतो, आणि तराजूवरचा तो वाद मंडळाला परवडत नाही.

प्रश्न : विक्रीच्या दिवशी रोख आणि हिशेब जुळत नाही. चोरीचा संशय घ्यायला जीव होत नाही.

घेऊही नका. बहुतेक वेळा सुरुवातीला ठेवलेले सुटे पैसे लिहिलेले नसतात, नाहीतर कुणीतरी गल्ल्यातूनच दोरी आणि चहाचे पैसे दिलेले असतात. सकाळी सुटे मोजून दोघांच्या सहीने कागदावर लिहा. गल्ल्यातून दिवसभर काहीही द्यायचं नाही, किरकोळ खर्चाला वेगळं पाकीट ठेवा. मोबाइलवरून येणारे पैसे मंडळाच्याच खात्यात यायला हवेत, कुणा सभासदाच्या नव्हे. रंगीत काड्या विकताना काढून तीन डब्यांत टाका. संध्याकाळी काड्या मोजल्या की किती पैसे असायला हवेत ते कळतं. काडीशिवाय रोप गेलं असेल तर उरलेल्या कुंड्या मोजल्यावर तेही समोर येतं.