राजाला मारायचा कट आणि प्रेमकथा, दोन्ही एकाच कादंबरीत कसं बसवू?

तुमचं कथानक असं: गढीत राहणारा जुलमी राजा, त्याला मारायला निघालेले पाच जण, त्यातल्या मारेकरणीचा राजाच्या अंगरक्षकावर जीव जडतो. जग काल्पनिक आहे, पण माती यवतमाळकडची. दहाव्या प्रकरणानंतर प्रेम एकीकडे आणि कट दुसरीकडे चाललाय, म्हणून तुम्ही अडलात.

राजापर्यंत जायची वाट आणि त्या अंगरक्षकाच्या जवळ जायची वाट एकच करा. प्रत्येक भेटीत तिला कटाच्या कामाचं काहीतरी कळलं पाहिजे, म्हणजे पहारा कधी बदलतो, राजाचं ताट आधी कोण चाखतं, आणि त्याच भेटीत तिच्याकडून काहीतरी सुटलंही पाहिजे. प्रेमाचा एखादा प्रसंग काढून पाहा. तरीही कट तसाच पुढे सरकत असेल तर तो प्रसंग नव्यानं लिहा.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, पहिल्या अधिकरणात (म्हणजे भागात), अंतःपुरात मारल्या गेलेल्या राजांची यादी आहे, ती जरूर वाचा. भद्रसेनाला राणीच्या महालात दडलेल्या भावानं मारलं. काशिराजाला राणीनं मध म्हणून विष लावलेल्या लाह्या दिल्या. विडूरथाला राणीनंच वेणीत लपवलेल्या शस्त्रानं मारलं. भिंत चढून आलेला परका त्या यादीत एकही नाही. तुमच्या नायिकेला तटावरून उड्या मारायला लावण्यापेक्षा गढीच्या स्वयंपाकघरात किंवा दिवाबत्तीच्या कामावर ठेवा.

पहिला प्रयत्न फसवा, पुस्तकाच्या साधारण पाव भागात. 80,000 शब्दांची कादंबरी धरली तर 20,000 च्या आसपास. फसण्याचं कारण मात्र ‘कोणीतरी फितूर झालं’ हे नको, ते वाचकाला आधीच कळतं. मुद्राराक्षस या संस्कृत नाटकात चंद्रगुप्ताला मारायला माणसं दडलेली असतात, आणि चाणक्याला शयनगृहाच्या भिंतीच्या भेगेतून भाताची शितं घेऊन निघालेली मुंग्यांची रांग दिसते. आत माणसं दडलीत हे तो ओळखतो आणि ते घर पेटवून देतो. लपलेल्या माणसांना भूक लागणारच, त्यात मूर्खपणा काही नाही, म्हणूनच ते अपयश पटतं. तुमच्या पाच जणांपैकी प्रत्येकाची भूक, झोप, खोकला, दुखणारा गुडघा आधीच लिहून ठेवा. कट तिथूनच फुटेल.

आता जागा आणि वेळ. मारायचा दिवस पोळा ठेवलात तर ती श्रावणातली अमावस्या असते, चांदण्यातली भेट त्या रात्री चालणार नाही. पाऊस पडून गेलेला असला तर काळी माती पायाला गोळ्यानं चिकटते: पळणारा थकतो आणि मागे ठसेही सोडतो. लपायचं तर ज्वारीत, तूर तेव्हा जेमतेम कमरेला लागते. तुरीत माणूस दडवायचा असेल तर कथा मार्गशीर्षात न्या. दुसऱ्या दिवशीची मारबत, म्हणजे मिरवणुकीनं नेऊन जाळायची मोठी बाहुली, तीही कामाची आहे. नागपुरात काळी मारबत 1881 पासून निघते आणि लोक तिचा संबंध भोसले घराण्यातल्या, इंग्रजांना मिळालेल्या बाकाबाईशी लावतात. सत्तेवरचा राग बाहुलीत भरून गावाबाहेर नेऊन जाळायचा, असा सण तुमच्या राजानं बंद केलेला असेल तर त्याचा जुलूम एका प्रकरणात उभा राहतो. फाशीच्या दहा वर्णनांनी तो राहणार नाही. राजामुळे ज्यांचा फायदा होतो अशी माणसंही दाखवा: त्याचा धान्यवसुलीवाला, त्याचा सावकार. नाहीतर तो इतकी वर्षं टिकला कसा, हे कळत नाही.

जादू कमी ठेवा. भिंतीतून आरपार जाता आलं तर अंगरक्षकाची गरजच संपते, आणि त्याच्यासोबत प्रेमकथाही. ज्या जादूनं राजापर्यंत जाता येत नाही, तेवढीच चालेल. अर्थशास्त्रात विष दिसलं की चकोराच्या डोळ्यांचा रंग बदलतो म्हटलंय. गढीत असा एक चकोर पाळलेला दाखवा, विषाचा सोपा रस्ता आपोआप बंद होतो.

बोली मोकळेपणानं वापरा. पाच जण आपसात ‘काऊन आली तू?’ असंच बोलू द्या, गढीत मात्र दरबारी भाषा. अंगरक्षक पहिल्यांदा तिच्याशी वऱ्हाडीत बोलेल ती जागा नीट निवडा. पुस्तकाच्या मध्याच्या आधी ती जागा येऊ देऊ नका, आणि त्याच्या पुढच्याच प्रकरणात अंगरक्षकाला कट कळू द्या.

शेवटचं प्रकरण आधी लिहा. राजा मेल्याच्या दुसऱ्या सकाळी धान्याच्या कोठाराची किल्ली कोणाकडे आहे, आणि राजाचं रक्षण करायची शपथ घेतलेला तो माणूस तिच्यासमोर कुठं उभा आहे, एवढी दोन उत्तरं हातात आली की अकरावं प्रकरण सुरू करता येईल.